वाटाण्याचा पासपोर्ट

झोपलेल्या बाळाच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत. खालच्या बाजूला दोऱ्याएवढी फट राहते आणि तिच्यातून डोळ्याचं पांढरं दिसतं.

"हे बघ, उघडेच आहेत की डोळे!" ओर्वार त्या फटीकडे बोट दाखवत म्हणाला.

"बुबुळं दिसायला हवीत," पासपोर्टच्या काउंटरमागून हेर्डिस म्हणाली. "बुबुळं कॅमेऱ्याकडे, तोंड बंद. आणि धरणाऱ्याचे हात फोटोत दिसता कामा नयेत."

सकाळी घरून निघताना याच ओर्वारनं बायकोला ऐकवलं होतं, "तिन्ना, अर्ध्या तासाचं काम! वादळात तीनशे मीटरचं जहाज बंदरात आणून धक्क्याला लावणारा माणूस मी. मूठभर पोरीचा पासपोर्ट म्हणजे काय!"

"आणि नाव?" तिन्नानं विचारलं होतं.

"बघू."

हे 'बघू' तीन महिने चाललं होतं. नाव ठरायचं राहिलं होतं असं नाही. पोर जन्मली त्या पहाटे खिडकीबाहेर टिटवीएवढा एक पक्षी ओरडला. आइसलंडात तो ओरडला की हिवाळा संपला. दोघांनी तिथल्या तिथं त्या पक्ष्याचंच नाव पक्कं केलं. ते घरच्यांना सांगायचं काम ओर्वारकडे आलं, कारण बाकीचं सगळं काम तिन्नानं केलं होतं!

पण बारशापर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही, असा तिकडचा रिवाज. थंडीत मांजर हीटरमागं दडतं, तसा ओर्वार त्या रिवाजामागं दडला. चारचौघांत पोरीला सगळे 'वाटाणा' म्हणायचे. खरं नाव हे दोघं दार लावून तिच्या कानात कुजबुजायचे. ओर्वारच्या आईनं, गेर्दाआजीनं विचारलं, "माझंच नाव ठेवणार ना रे?" तो म्हणाला, "बघू." सासूनं, स्वावाआजीनं विचारलं, "माझंच ना?" तिलाही म्हणाला, "बघू." दोघींनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि दोघी सुखात होत्या.

आता गेर्दाआजीला सत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि ती सगळ्या गोतावळ्याला उन्हात, तेनेरीफ बेटावर नेणार होती. आज अर्ज गेला नाही, तर पासपोर्ट वेळेत हातात पडणार नव्हता. म्हणजे वाटाणा आणि तिचे आईबाप इथंच गारठणार, आणि गेर्दाआजी ते पुढं जन्मभर ऐकवणार! म्हणूनच कुणी न बोलावता ती कार्यालयात हजर होती. ती आहे म्हटल्यावर स्वावाआजीही होतीच.

हेर्डिसनं कपाटातून एक पांढरी चादर काढली. "ही डोक्यावरून घे, बाळाला मांडीवर बसव आणि हात आत ठेव."

ओर्वार चादरीखाली गेला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, नगरपालिकेनं अनावरणासाठी पुतळा झाकून ठेवलाय आणि त्याच्या पोटाला एक पोर चिकटलंय.

गेर्दाआजीनं किल्ल्या वाजवल्या. पोर झोपलेलंच. स्वावाआजी गायली. पोरीनं डोळे आवळून असा टाहो फोडला की घशातली पडजीभ दिसली, आणि ती पुन्हा झोपली.

"माझाच फोटो लावून टाका!" लायसन्स नवं करायला आलेला एक म्हातारा बाकावरून ओरडला. "मलाही दात नाहीत!"

"तोवर नाव सांगा," हेर्डिस म्हणाली. "नोंदीत नुसतं 'मुलगी' आहे. आज नाव नोंदवलंत, तरच अर्ज पुढं जाईल."

चादर ताठ झाली.

"गेर्दा," गेर्दाआजी शांतपणे म्हणाली. "तिकिटावर मी तेच घातलंय."

"काय?" स्वावाआजी किंचाळली. "मी बारशाच्या झबल्यावर 'स्वावा' भरलंय! रेशमानं!"

"मग उसव!"

"तू तिकीट बदल! ओर्वारनं मला शब्द दिलाय."

"शब्द मला दिलाय!"

"माझं नाव नको असेल तर राहू दे. पण हिचं ठेवलंत, तर मी विमानात पाऊल टाकणार नाही!"

"आणि हिचं ठेवलंत, तर मी वाढदिवसच करणार नाही!"

दोघी चादरीकडे वळल्या. "ओर्वार!"

"बघू," चादर म्हणाली.

"तीन महिने बघतोयस," इतका वेळ शेजारी उभी असलेली तिन्ना म्हणाली. "चादरीखाली काही दिसलं असेल, तर सांग आता."

"मला कुलूप लावायचंय," हेर्डिसनं घड्याळाकडे पाहिलं.

आत अंधार होता, ऊब होती. मुख्य म्हणजे आई दिसत नव्हती आणि सासूही दिसत नव्हती. ओर्वारला धीर आला. घरी कुजबुजायचा तसंच, पोरीच्या टकलामागून अगदी हळू, त्यानं ते नाव उच्चारलं.

पोरीनं खाडकन डोळे उघडले! तोंड मिटलं! आणि हाक कुणी मारली ते बघायला गर्रकन मान मागं वळवली. त्याच क्षणी हेर्डिसनं बटण दाबलं.

फोटो सुरेख आला. त्यात एक टक्कल होतं आणि एक कान.

"काय म्हणाला तो?" गेर्दाआजीनं विचारलं.

"मला कुठं ऐकू आलं?" स्वावाआजी म्हणाली. सकाळपासून दोघींचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"जे काय म्हणाला, त्यानंच ती जागी होते," हेर्डिस म्हणाली. "ओर्वार, बाहेर ये. इथं कॅमेऱ्याजवळ उभा राहा आणि हाक मार. मोठ्यानं!"

चादरीतून घामेजलेला ओर्वार बाहेर पडला. तिन्ना पोरीला घेऊन आनंदानं चादरीखाली गेली. कॅमेऱ्याच्या उजवीकडे त्याची आई, डावीकडे सासू, मध्ये तो. असा चिंचोळा धक्का त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. म्हाताराही बाकावरून उठून जवळ आला.

ओर्वारनं घसा खाकरला.

"बघ—"

"'बघू' म्हणालास, तर मी इथून बाहेर येणार नाही," चादर म्हणाली.

त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. फोटो त्याचा असता, तर नक्की नापास झाला असता.

"लोआ!" तो ओरडला. "लोआ! लोआ नाव आहे तिचं!"