परतीचे डबे

नूतनचा केटरिंगचा धंदा तिसऱ्या महिन्यात बुडायला आला, आणि त्याला कारण होता गिऱ्हाइकांचा चांगुलपणा.

पहिले दोन महिने लोक भिलाईच्या कोहका वस्तीत तिच्या घरी आपापली पातेली घेऊन यायचे आणि रविवारचा वडाभात, म्हणजे भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वर फोडणीचं तेल, भरून न्यायचे. पण धंदा म्हटला की थोडा रुबाब हवा, म्हणून तिनं कॅम्प-१च्या बाजारातून स्टीलचे तीस एकसारखे डबे आणले. त्या रविवारी चोवीस घरी चोवीस डबे गेले. वडाभात सगळ्यांना आवडला. पंधरा दिवस झाले, एकही डबा परत आला नाही.

चोर कुणीच नव्हतं. डबे घासूनपुसून लख्ख ठेवले होते. पण भरून आलेला डबा रिकामा परत करायचा कसा? साहू काकींना त्यात तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा घालून द्यायचा होता आणि त्यांचं तांदूळ दळायचं राहिलं होतं. राव आंटींना पुळीहोऱ्याच्या भातासाठी मनासारखी चिंच मिळत नव्हती. स्टील प्लांटसाठी देशभरातून माणसं आलेल्या भिलाईत शेजारच्या दोन घरांचं एका भाजीवर एकमत होत नाही, पण डबा रिकामा परत देऊ नये यावर सगळा देश एक आहे.

नूतनच्या सासूबाईंना, पंचफुलाबाईंना, यात काहीच वावगं दिसत नव्हतं. “चाळीस वर्षांत मी कोनाले रिकामं भांडं नाई देल्लं,” त्या म्हणाल्या. “काईच नसलं तं साखर टाकाव.”

अशात ती ऑर्डर आली. प्लांटमधल्या एका खात्यातून मारोतराव तीस तारखेला रिटायर होत होते आणि त्यांच्या निरोपाचं जेवण त्याच खात्यातल्या भाग्यश्री मॅडमनी नूतनला सांगितलं होतं. तीस माणसं, तीस डबे वडाभात. जमलं तर पुढेही मिळणार होतं, कारण प्लांटमध्ये दर महिनाअखेरीला कुणी ना कुणी रिटायर होतंच. नाही जमलं, तर एक तारखेपासून नूतन पुन्हा शाळेत शिकवायला जाणार होती. तिनं तसं घरी कबूल केलं होतं. तिची दीड वर्षाची लेक गुड्डी पाळणाघरात जाणार होती. सध्या आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी ती तिची ओढणी मांडीवर घेऊन दाराशी बसून राहायची, बसस्टँडवर सामान सांभाळत बसावं तशी. ते पाहिलं की नूतनच्या हातून फोडणी करपायची.

प्लास्टिकच्या डब्यांत द्यायची सोय नव्हती. मारोतराव सेफ्टीचे माणूस. बुटाची नाडी सुटलेली दिसली तर कामगाराला गेटवरून घरी पाठवणारे. त्यांनी आधीच कळवलं होतं की ज्या माणसानं बत्तीस वर्षं स्टील बनवलं, त्यानं शेवटच्या दिवशी प्लास्टिकात जेवावं हे बरं दिसत नाही.

नूतननं गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर हात जोडलेली तीन चित्रं टाकून हिंदीत विनंती केली, की तीस तारखेच्या सकाळी नऊच्या आत डबे पाठवा, फार निकड आहे. ‘रिकामे चालतील’ असंही लिहिलं. ते कुणाला पटणं शक्यच नव्हतं. फक्त मुदत सगळ्यांना कळली, आणि तीस तारखेला पहाटे घरोघरचे गॅस पेटले.

नऊच्या ठोक्याला व्हरांड्यात चोवीस डबे हजर. झाकणं गच्च बसवलेली, बहुतेक डबे गरम. एकात फरा, एकात पुळीहोरा, एकात राजमा, एकात सत्तू भरलेली लिट्टी, एकात हरभऱ्याची घुगनी. नूतननं आधीच वडाभात भरून ठेवलेले सहा डबे त्यांच्या शेजारीच होते. हे सगळं काढून ठेवायला घरात भांडी नव्हती, म्हणून ती शेजारून पातेली मागायला निघाली, तेवढ्यात गुड्डीनं उरलेल्या वड्याच्या पिठात दोन्ही हात घातले आणि ते मन लावून केसांना चोपडलं. मुगाची डाळ केसांत वाळली की निघत नाही. नूतन तिला घेऊन न्हाणीघरात शिरली.

नेमका तेव्हाच तिचा नवरा अभिनव चरोद्याच्या रेल्वे यार्डातून ड्यूटी संपवून घरी आला. तो मालगाडीचा गार्ड. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण घरात त्यानं आजवर काहीही मॅनेज केल्याची नोंद नव्हती. आज मात्र त्याला व्हरांड्यात तीस बंद डबे दिसले, आतून बायकोच्या ओरडण्याचा आणि लेकीच्या रडण्याचा आवाज आला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला न सांगता काम सुचलं.

तासाभरानं नूतन ओल्या गुड्डीला टॉवेलात गुंडाळून बाहेर आली, तेव्हा व्हरांडा मोकळा होता आणि अभिनव रिकामी ऑटो दारात उभी करून तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहत होता.

“पोचवले,” तो म्हणाला. “तीसच्या तीस. मोजून देल्ले.”

“उघडून पायले?”

“बंद माल गार्ड उघडून पायते का? आपन मोजाचं अन् सिग्नल द्याचा.”

वडाभाताचं पातेलं, कढीची किटली आणि फोडणीच्या तेलाची बाटली घेऊन नूतन त्याच ऑटोत बसली. सासूबाई गुड्डीला घेऊन शेजारी बसल्या. वाटेत त्यांनी सुनेला धीर दिला, की शाळेची नोकरीही काही वाईट नसते.

हॉलमध्ये जेवणं सुरू झाली होती. तीस माणसं लॉटरी फोडावी तशी डबे उघडून बसली होती आणि एकमेकांना विचारत होती, तुमच्यात काय निघालं. राजमावाला लिट्टीवाल्याला शोधत होता. खात्यातल्या सिन्हासाहेबांनी घुगनीचा डबा छातीशी धरला होता आणि त्यात कुणाला चमचा घालू देत नव्हते. फक्त वडाभात आलेले सहाजण तेलाविना कोरडा भात चिवडत होते.

आणि समोर, हार घालून, मारोतराव. त्यांच्या डब्यात काठोकाठ साखर होती. कुणा एका घरात पहाटे जाग आली नसावी.

भाग्यश्री मॅडम भिंतीकडे पाहू लागल्या. नूतन पातेलं कडेवर धरून पुढे गेली. माफी मागायची म्हणून तिनं आधी पातेलं खाली ठेवलं.

मारोतरावांनी चष्मा वर करून आधी साखरेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“परतीचे डबे हायेत ना हे?”

“हो काका.”

“तुयाकडचे लोक चांगले हायेत.” त्यांनी झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेतला. “बत्तीस वर्षं मी इथून रोज रिकामा डबा घरी नेला. बायकोनं एक दिवस विचारलं नाई कावून रिकामा आनला. आज पाह्य म्हनावं.”

मग त्यांनी ताट मागितलं, वडाभात वाढून घेतला आणि तेलाची बाटली स्वतःच उपडी केली. लोक सुटल्यासारखे पातेल्याकडे धावले. पातेलं तळापर्यंत खरवडलं गेलं. सासूबाई वाढत होत्या आणि सुनेची कीर्ती सांगत होत्या. शाळेचा विषय त्यांनी काढला नाही.

त्याच संध्याकाळी भाग्यश्री मॅडमचा फोन आला. पुढच्या महिनाअखेरीला आणखी दोघं रिटायर होत होते, चाळीस डबे हवे होते. नूतननं गुड्डीला उचलून एक गिरकी घेतली आणि मेन्यू विचारला.

“मागच्यासारखाच. फरा, राजमा, लिट्टी, ते सगळं. एकाला जे आलं ते दुसऱ्याला यायला नाही पायजे.”

“अन् वडाभात?”

“तो राहू द्या. तो तं आमी घरीच करतो.”

नूतन ऑर्डर सांगायला साहू काकींकडे गेली. ऑर्डर हा शब्द ऐकून काकी भयंकर दुखावल्या. “हम कोई होटल खोल के बैठे हैं क्या? तू डब्बा भेज, फिर देखेंगे.” राव आंटींनीही तेच तेलुगू वळणाच्या हिंदीत ऐकवलं. बावीस घरं अजून उरली होती, पण नूतननं ती केली नाहीत.

तिनं शाळेला ‘येत नाही’ असं कळवलं आणि बाजारातून आणखी डबे आणले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी गुड्डी सासूबाईंच्या मांडीवर होती, अभिनव पाटावर बसून वडे थापत होता, सगळे वेगवेगळ्या आकाराचे. चाळीस माणसांच्या ऑर्डरसाठी त्या दिवशी चोवीस घरांत मिळून चाळीस डबे जातील एवढा वडाभात झाला; ते परत पाठवायची तारीख ग्रुपवर गेली होती. ऑर्डरीत वडाभात नव्हता.