ब्लोअर चारवर

"दोन तासांत गाडीचा पंखा बदलतो. गॅरेजवाल्याच्या दारात जातंय कोण!" सानपाड्याच्या सुधीररावांनी शनिवारी सकाळी चहाच्या पहिल्या घोटालाच जाहीर केलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. पत्नी जयमालाबाईंना जाऊन चौदा महिने झाले होते. पण बेत मोठ्याने सांगायची सवय तीस वर्षांची, ती कशी सुटणार? फरक एवढाच, की "तुम्हाला जमायचं नाही" असं आता कुणी म्हणत नव्हतं. त्यामुळे सगळंच जमेलसं वाटायचं.

गाडीच्या डॅशबोर्डमधला पंखा, म्हणजे ब्लोअर, सुरू केला की गिरणीत खडे दळल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजाला कंटाळून मुलीच्या सासूबाई, शालनबाई, गेल्या महिन्यात बेलापूरलाच उतरल्या आणि टॅक्सीने पुढे गेल्या. त्यावर श्रुतीने त्याच सकाळी करंजाड्याहून फोनवर निकाल दिला होता.

"बाबा, उद्या बाळाच्या बारशाला सासूबाईंना नेरुळहून तुम्हीच आणायचं. पण या वेळी त्या मधेच उतरल्या ना, तर गाडी विकायची. गिऱ्हाईक तयार आहे."

"अगं, गाडी चांगली आहे."

"तुम्ही गाडीतून फोन केलात की शेजारी बोअरिंग मारतायत असं वाटतं."

सुधीररावांना गाडी विकायची नव्हती. जयमालाबाईंच्या साड्या वाटून झाल्या होत्या, कपाट रिकामं झालं होतं. गाडीत मात्र डावी सीट अजून त्यांच्या ठेंगण्या उंचीपुरती पुढे ओढलेली होती, आणि दाराच्या कप्प्यात त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या.

नवा पंखा महाग, म्हणून ते शिरवण्याला जुने पार्ट विकणाऱ्या शौकतकडे गेले.

"तुमच्या गाडीचा नाय मिळायचा, काका. हा मोठ्या गाडीचा हाय. वारा जास्त देईल."

"बसेल?"

"बसवला की बसतो."

दोन तासांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुधीररावांचे फक्त पाय दिसत होते. उरलेले सुधीरराव डाव्या सीटपुढच्या जागेत उलटे घुसले होते. सेक्रेटरी जयप्रकाश वाकून म्हणाले, "पाय ओळखीचे वाटले म्हणून थांबलो. बरे आहात ना?"

"पंखा बदलतोय."

"पार्किंगमध्ये दुरुस्ती नियमात बसत नाही."

"माझं डोकंही बसत नाहीये. तो पाना द्या."

"अहो, सीट मागे घ्या की."

"सीट मागे घ्यायची नाही."

जयप्रकाशांनी सीटकडे पाहिलं, आणि नियम विसरून पाना दिला.

दोन तासांचे सहा झाले. जुना पंखा डिकीत गेला, मोठ्या गाडीचा पंखा दोन बुक्क्यांत बसला. तीन स्क्रू उरले. "पहिल्यापासून जास्तीचे असतील," जयप्रकाश म्हणाले. पंखा एकवर लावला, तर इतका शांत, की चालू आहे का बघायला सुधीररावांना गाल पुढे करावा लागला.

"चारवर करून बघा."

"कशाला? एकवर कळलं की."

रविवारी नेरुळला शालनबाई गाडीत बसल्या. मोतिया रंगाची रेशमी साडी, कपाळ मोकळं. यजमानांना जाऊन बारा वर्षं झालेली. गुडघे डॅशबोर्डला टेकले. बेलापूर गेलं, खारघर गेलं.

"पंखा बदललात वाटतं?"

"स्वतः," सुधीरराव ताठ बसत म्हणाले.

"उकडतंय. वाढवा थोडा."

सुधीररावांनी ऐटीत एकदम चारवर केला.

आधी गाडी शिंकल्यासारखा आवाज झाला. मग समोरच्या झडपांमधून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आल्या, त्यामागून पिवळा ढग, त्यात मिसळून लाल, आणि शेवटी तांदळाचा मारा. "काच खाली घ्या, विहीणबाई!" असं ओरडायला तोंड उघडलं, तर दाणे दातांवर वाजले. त्यांनी गाडी कडेला घेऊन पंखा बंद केला. धुरळा बसला तेव्हा शालनबाई जेजुरीहून चालत आल्यासारख्या दिसत होत्या.

"हे काय आहे?"

सुधीररावांना सगळं एकदम कळलं. "आमच्या हिचं काम. दसऱ्याला लोक बॉनेटवर पूजा करतात. ही हळदकुंकू, अक्षता, फुलं, सगळं या झडपांत टाकायची आणि बाहेर पुढच्या काचेखालच्या जाळीत. म्हणायची, गाडीचा जीव आत असतो, वर टाकून काय उपयोग? अकरा दसरे झाले."

शालनबाईंचा हात दाराच्या कडीवर होता. सुधीररावांना गिऱ्हाईकाचा चेहराही दिसायला लागला.

हात वर गेला. शालनबाईंनी वरचा आरसा खाली ओढला. रुमालाने गाल पुसले, नाक पुसलं, मान पुसली. कपाळापाशी हात थांबला, आणि रुमाल पर्समध्ये गेला.

"बारा वर्षांत मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाईंनी बोलावलं. चला, बाळ वाट बघतंय. आणि पंखा एकवरच ठेवा."

करंजाड्याला श्रुती दारातच किंचाळली. "बाबा, काय केलंत सासूबाईंना?"

"वाटेत तुझी आई भेटली," शालनबाई म्हणाल्या आणि थेट पाळण्यापाशी गेल्या. तिथूनच वळून म्हणाल्या, "गाडी विकायची नाही. दसऱ्याला पूजा मी करणार आहे."

संध्याकाळी सुधीररावांनी डिकीतला जुना पंखा झटकला. वाटीभर तांदूळ पडले. बोटाने फिरवून पाहिला, तर आवाजच नाही. पंखा मुळात ठणठणीत होता. ही गोष्ट त्यांनी जयप्रकाशांना अजून सांगितलेली नाही.

दसऱ्याला शालनबाईंनी काचेखालच्या जाळीत चांगल्या दोन मुठी अक्षता टाकल्या. बाहेर सांडलेले चार दाणे सुधीररावांनीच बोटाने आत ढकलले.

नेरुळहून श्रुतीकडे निघाले, तर बेलापूर यायच्या आत पंखा खरखरायला लागला.

"हा आवाज कसला हो?" शालनबाईंनी ओरडून विचारलं.

"कुठला?" म्हणत सुधीररावांनी पंखा तीनवर केला.