आजची चूल पेटली!

समोरच्या कापडदुकानाच्या कौलांवरून सूर्य वर आला की मानोजीअण्णा आमच्या गच्चीच्या कठड्याशी उभे राहत, दोन्ही हात कमरेवर ठेवत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "आजची चूल पेटली!" काडी त्यांनी स्वतः ओढली असावी, असा थाट असे. आभाळ भरलेलं असलं तर मात्र ते जिन्यावरून हळूच खाली येत आणि दूधवाल्याला, त्यानं काही विचारलेलं नसताना, पडक्या आवाजात सांगत, "आज चूल ओली आहे."

माझं लग्न झालं आणि सुमन धारवाडहून आमच्या घरी आली. पहिल्याच सकाळी हा पुकारा ऐकून तिनं मला विचारलं, "कुणाची चूल पेटली? धूर तर कुठंच नाही."

"सूर्य उगवला, एवढंच," मी म्हणालो.

"ते रोज सांगायला लागतं इथं?"

लागत नव्हतं. पण अण्णांना थांबवणार कोण?

मी मुळात कमी बोलणारा माणूस. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचायचे आणि घरी आल्यावर ऐकून घ्यायचं, असा स्वभाव. अण्णांबद्दल मात्र एक गोष्ट दहा-बारा वर्षं मनात टोचते आहे, ती आता सांगून टाकतो. मराठीत लिहितो आहे म्हणून धीर होतो. आमच्या इकडच्या जुन्या घरांतल्या पुष्कळांसारखे अण्णा घरी मराठी बोलतात, पण वाचतात कन्नड. हे त्यांच्या हाती पडलं तरी ते चित्रं बघून बाजूला ठेवतील.

चिकपेटेच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं घर. खाली आम्ही, वर गच्चीला लागून दोन खोल्या, त्यात अण्णा आणि गोदाअक्का भाड्यानं राहत. अण्णांचं चिकपेटेत आरशांचं छोटं दुकान होतं. नवरीच्या पेटीतल्या आरशापासून न्हाव्याच्या भिंतीवरच्या आरशापर्यंत सगळं ते कापून, चौकटीत बसवून देत. मूलबाळ नव्हतं. अक्का फारशा खाली येत नसत. "पायाचं दुखणं," अण्णा सांगत.

दिल्लीकडे कुणीतरी म्हणे उन्हावर भात शिजवला, अशी बातमी अण्णांच्या कानावर आली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दुकानातल्या फुटक्या आरशांना अचानक भाव आला. पहिल्या प्रयोगात त्यांनी गच्चीभर आरसे मांडून सगळं ऊन एका पातेल्यावर आणायचं ठरवलं. ऊन पातेल्यावर आलं नाही. ते समोरच्या कापडदुकानात गेलं आणि गिऱ्हाइकाला लुगडं दाखवणाऱ्या शेठच्या डोळ्यांत घुसलं. शेठ डोळ्यांवर पंचा धरून आमच्या दारात आले.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"स्वल्प चुकलं," अण्णा वरून म्हणाले. "उद्या सरी होईल." सरी म्हणजे कानडीत बरोबर.

उद्या झालं नाही, पण पुढे झालं. लाकडाची पेटी, आतून काळा रंग, दोन थरांमध्ये भुसा, वर दुहेरी काच आणि झाकणाला एक मोठा आरसा. त्या पेटीत सकाळी डाळ-तांदूळ ठेवायचे आणि सूर्य सरकेल तशी पेटी सरकवायची. दुपारपर्यंत भात मऊ व्हायचा. फोडणी देता येत नसे, पोळी भाजता येत नसे. पण वरण, भात, रताळी, अगदी खीरसुद्धा. शेगडी त्यांनी घरातून काढूनच टाकली. पावसाळ्यात तेवढी ती परत यायची, गच्चीच्या पत्र्याखाली. तेव्हा स्वयंपाक स्वतः अण्णा करायचे आणि श्रावण संपेपर्यंत दोघंही दिसण्याइतके वाळायचे.

कोळसा वाचवायला सूर्य राबवणारा कंजूष, अशी त्यांची ख्याती झाली. आमच्या आईचा राग वेगळाच होता. पेटीत ठेवायच्या भांड्यांना अण्णा बाहेरून काजळी फासत. "बायकोनं घासून लख्ख केलेली भांडी काळी करणारा नवरा मी पहिल्यांदा बघितला," ती म्हणायची. एकदा तिनं हट्टानं आपलं चकचकीत पितळी पातेलं त्या पेटीत ठेवायला दिलं. संध्याकाळी डाळ जशीच्या तशी, फक्त कोमट.

"पातेल्यानं ऊन परत पाठवलं, वहिनी," अण्णा म्हणाले. "पाहुण्याला दारातनंच परत पाठवल्यासारखं."

आईचा राग गेला तो दुसऱ्याच कारणानं. आमचं स्वयंपाकघर इतकं अंधारं की भर दुपारी दिवा लावावा लागे. अण्णांना जळता दिवा दिवसा बघवत नसे. एके दिवशी त्यांनी गच्चीवर एक आरसा बांधला, चौकाच्या भिंतीवर दुसरा, आणि उन्हाचा एक चौकोनी तुकडा थेट आमच्या स्वयंपाकघरात उतरवला. तो पहिल्यांदा पडला देव्हाऱ्यावर. आईनं हात जोडले. पण ऊन एका जागी थोडंच बसतं? तो तुकडा देव्हाऱ्यावरून लोणच्याच्या बरण्यांवर, तिथून जमिनीवर असा फिरायला लागला, आणि आई तांदळाचं सूप घेऊन त्याच्यामागे सरकत सरकत निवडायला लागली. दाराशी निवडणं संपायचं. "आता बघ, चालता चालता तांदूळ निवडते मी," ती सुमनला कौतुकानं सांगायची.

"एक दिवस गच्चीवरच्या उन्हावर घरातला दिवा लागेल बघ," अण्णा मला म्हणत.

"उन्हात दिवा कशाला लागतो, अण्णा?"

"दिवसा साठवायचं, रात्री लावायचं. लोणचं घालतात की नाही? तसं."

मी हसायचो. सगळी गल्ली हसायची. अण्णाही हसायचे, आणि लोक हसत असले की आणखी दोन गमती करून दाखवायचे. काळा चष्मा लावून पेटीभोवती प्रदक्षिणा घालायचे, आरशात स्वतःला बघून चोच मारणाऱ्या कावळ्याशी कानडीत भांडायचे. त्यांच्याकडे बघता बघता त्यांच्या दारातून आत बघायचं कुणाला सुचत नसे.

सुमनला दिवस गेले आणि मला खोली कमी पडायला लागली. खाली दोन खोल्यांत आई, आम्ही दोघं आणि येणारं मूल. गच्ची आमचीच होती. तिच्या दक्षिणेच्या बाजूला एक खोली बांधायची असं मी ठरवलं. गवंडी येऊन चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून गेला.

अण्णा त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मालक, खोली उत्तरेला बांधा की." मी त्यांच्या निम्म्या वयाचा, तरी घर माझं म्हणून ते मला चेष्टेनं मालक म्हणत.

"तिकडे पाण्याची टाकी आहे, अण्णा."

"मग खोलीला भिंती नका घालू. नुसती खोली बांधा."

"भिंतींशिवाय खोली?"

"हवेशीर होईल."

मी हसलो. ते हसले नाहीत. असं पहिल्यांदाच झालं. "भिंत इथं आली तर पेटीवर दिवसभर सावली पडेल," ते म्हणाले.

आणि मी, जो कधी कुणाला लागेल असं बोललो नाही, तो म्हणालो, "अण्णा, माझ्या मुलाला जागा नाही आणि तुम्ही कोळशाचं बोलता? हवं तर कोळसा मी भरून देतो."

अण्णा पेटीकडे वळले. पेटीच्या काचेवर धूळ नव्हती, तरी ती धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

गवंडी काम सुरू करणार होता त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. पेटी हलवून ठेवा, असं सांगायला मी दुपारी वर गेलो. अण्णा नव्हते. पेटीशी गोदाअक्का एकट्याच बसल्या होत्या. तोंड वर सूर्याकडे, डोळे सताड उघडे. अशा उन्हात कुणी डोळे उघडे ठेवत नाही. त्या मान हळूहळू डावीकडे, उजवीकडे फिरवत होत्या. दोन्ही गालांना ऊन सारखं लागल्यासारखं वाटलं तशी मान थांबली, आणि मग हातानं चाचपून त्यांनी पेटी नेमकी नाकाच्या रेषेत फिरवली. आरशातलं ऊन बरोबर पातेल्यावर पडलं.

मी दोन पावलं पुढे गेलो. माझी सावली त्यांच्या तोंडावर पडली.

"अहो, सरका बाजूला," अक्का म्हणाल्या. "चूल विझवताय."

मी सरकलो. आवाज दिला नाही. मी आहे, श्रीपती, एवढे तीन शब्द तोंडून निघाले नाहीत.

"खालच्या त्या पोराला सांगितलं नाहीत ना?" अक्का बोलतच होत्या. "नका सांगू. पदर पेटला त्या दिवशी तुम्ही शेगडी उचलून टाकलीत. मी कोपऱ्यात बसून राहिले, हातांना काही कामच नाही. मग ही पेटी केलीत. हिला जाळ नाही, मला भीती नाही. माझे डोळे गेलेत हे कळलं की खालच्या सगळ्या बायका ताटं घेऊन वर येतील. चांगल्या आहेत हो सगळ्या. पण मला ताट नको, चूल हवी."

त्यांनी फडक्यानं काच उचलली, वाफ नाकाशी घेतली, म्हणाल्या, "अजून थोडं," आणि काच परत ठेवली. मी चोरासारखा, बोटांवर चालत, जिना उतरलो.

गवंड्याला मी परत पाठवलं. अण्णांना सांगितलं, "आईला जिना चढवत नाही म्हणते. वर खोली नको."

आई तेव्हा वाळवणं घालायला दिवसातून कितीदा तरी वर जायची. अण्णांनी ते बघितलेलं होतं. पण ते गंभीरपणे म्हणाले, "सरी. शिवाय वर ऊनही फार लागतं, मालक."

खोली अखेर झाली, ती खाली परसात. तिथं आमची कोळशा-लाकडांची कोठी होती. अण्णांनी आईसाठी दुसरी पेटी करून दिली. चकचकीत पातेल्याचा हट्ट आईनं सोडला, वरण-भात वर शिजायला लागला, आणि कोठी अर्धी रिकामी पडली. उरलेला कोळसा एका पोत्यात मावला. मग मी ती कोठी धुऊन, खिडकी पाडून, चुन्याचे हात देऊन घेतली. माझी मुलगी त्याच खोलीत वाढली. एका कोपऱ्यातला काळा डाग कितीही चुना लावला तरी वर येतो. तिला तो आवडतो. ती त्याला हत्ती म्हणते.

मला टोचत होतं ते कोळशाचं बोलणं, आणि त्याहून जास्त ते गप्प उभं राहणं. एका आंधळ्या बाईचं नवऱ्याशी चाललेलं बोलणं मी उभ्यानं ऐकून घेतलं. परवा संक्रांतीला तिळगूळ द्यायला वर गेलो. अण्णा दुकानात होते. अक्कांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "अक्का, एकदा दुपारी मी..."

"गच्चीवर आला होतास," अक्का म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"डोळे गेलेत रे, कान नाहीत. यांच्या चपला फरफटतात. तू मांजरासारखा चालतोस. आणि नवऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट कुठली बायको इतकी फोड करून सांगत बसते?"

खरंच की. हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आमचे हे तुला कधी सांगणार नव्हते," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी तसा शब्द दिला होता. आणि मी तुझ्यापुढे हात पसरणार नव्हते. मग काय करायचं? म्हटलं, नवऱ्याशी बोलावं." त्या हसल्या. मग माझं मनगट शोधून धरलं. "त्यांना मात्र सांगू नको हं. माझे डोळे सगळ्या गल्लीपासून आपण लपवलेत, असं त्यांना वाटतं. त्यासाठी येडं होऊन फिरलेत इतकी वर्षं. वाटू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली आणि मी चौकात येऊन उभा राहिलो. वर अक्का कधीच्या येऊन कठड्याशी बसल्या होत्या. कौलांवरून आलेलं पहिलं ऊन त्यांच्या गालांवर पडलं, तशी त्यांनी मान किंचित फिरवली आणि गप्प बसून राहिल्या. खालच्या मोरीवरून परतणाऱ्या चपला जिन्यावर फरफटत आल्या. अण्णांचे गुडघे आता कुरकुरतात, वर यायला वेळ लागतो. ते कठड्याशी आले, धाप जिरवली, हात कमरेवर ठेवले.

"आजची चूल पेटली!"

"होय?" अक्का म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. डाळ धुते मग."