चौकीदार नसलेलं बिजलीघर

गुलमंडीत आमच्या शेजारच्या दुकानातून कापड जरूर घ्या, पण सलीमभाईंसमोर ‘अंगात कॅल्शियम कमी झालंय’ असं चुकूनही म्हणू नका. मी एकदा गुडघा चोळत म्हणालो आणि माझं वह्या-पेनांचं दुकान तासभर देवाच्या भरवशावर राहिलं.

“कमी कुठं भाऊ, कॅल्शियम लई हाय!” असं म्हणत ते मीटरपट्टी ठेवतात, खडू घेतात आणि समोर उलगडलेल्या ताग्यावरच चित्र काढतात. “ह्ये पेशीतलं बिजलीघर. मायटोकॉन्ड्रिया. तुमी जिना चढले की थोडं कॅल्शियम आत जातं, बिजलीघर जोरात चालतं. काम झालं की दुसऱ्या दारानं भाईर. पुढच्या दाराला चौकीदार पायजे. त्योच नसला तर? माणूस बसून हाय आन् कॅल्शियम घुसतंच हाय. बिजलीघर फुगतं, बंद पडतं. मंग हातापायाला ताकद कुठनं?”

अस्तर घ्यायला आलेल्या बायका ज्ञान घेऊन जातात, अस्तर विसरतात. दहावीच्या पुढं न गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. “डाक्टरसायबाला चार बार इचारलं. पाचव्या बारीला त्येंनीच चित्र काढून दिलं.”

परवा वैजापूरच्या एक बाई मुलीच्या गणवेशाचं कापड घ्यायला आल्या. मुलगी दारातच बसली. “चार पावलं चालली की बसती, आळशी मेली,” बाई म्हणाल्या. “कॅल्शियमच्या गोळ्या देऊन देऊन थकले.”

मी गालातल्या गालात हसत व्याख्यानाची वाट पाहू लागलो. पण सलीमभाईंनी खडूला हातही लावला नाही. आपली खुर्ची मुलीला दिली.

“ताई, आळशी म्हणू नका. मोठ्या दवाखान्यात दाखवा. काय निघायचं बी नाय. पण म्या माझ्या पोरीला, शबानाला, दोन वर्सं आळशीच म्हणलो. जिन्यात बसली म्हणून मारलं बी. तिच्या बिजलीघराला जन्मापासून चौकीदार नव्हता, मला काय म्हाईत?”

शबानाच्या पायात जोर नाही, हे मला रोज दिसत होतं. या व्याख्यानाचा तिच्याशी संबंध असेल, हे मात्र इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. केलेल्या थट्टेची फार लाज वाटली.

शबाना आता कॉलेजात आहे. सुटल्यावर दुकानात येते, कठडा धरून पाच पायऱ्या थांबत थांबत चढते. तेवढा वेळ सलीमभाई तिच्याकडे पाठ करून लावलेलेच तागे पुन्हा लावत असतात. त्या दिवशी मी न राहवून विचारलं, “हात का देत नाही?”

“म्या बघतोय ह्ये कळलं की घाई करती, भाऊ,” ते म्हणाले. “अजून भेती मला.”