पेटवू की नको, एवढे कळवावे

एका पत्राला उत्तर द्यायचे माझ्याकडून राहून गेले. रेल्वेने पेट्रोल, रॉकेल यांसारखे ज्वालाग्राही द्रव कसे न्यावेत याचे नियम करणाऱ्या कार्यालयात मी मसुदे लिहीत असे. स्वभाव भिडस्त, त्यात पुस्तकांची सवय. लिहिलेले वाक्य बरोबर आहे की नाही, हे मला ते छापून आल्यावरही ठरवता येत नसे. असा माणूस नियम लिहिण्यास अत्यंत योग्य, असे साहेबांचे मत होते.

पत्र एका इस्त्रीवाल्या बाईंचे होते. त्यांचे दुकान मालधक्क्याच्या कुंपणाला लागून. मजकूर असा:

‘साहेब, माझ्या दुकानामागच्या रुळावर पेट्रोलची वॅगन आणून उभी केली आहे. तिच्या तोटीतून थेंब थेंब गळते. तोटीला मी उशीचा जुना अभ्रा बांधला, तरी गळते. माझी इस्त्री कोळशाची आहे. पेटवू की नको, एवढे कळवावे. तोवर दुकान बंद आहे आणि घरातली चूलही. ता.क. तुमचा विश्वास बसावा म्हणून याच कागदावर एक थेंब धरून पाठवत आहे.’

सगळा घोटाळा त्या ता.क.ने केला.

शिपायाने टेबलावर ठेवलेला लिफाफा फोडून मी पत्र वाचून संपवतो, तोच आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, “कसला वास येतोय हो?”

“पत्राचा, साहेब.”

साहेब बाहेर आले, कागद नाकाशी नेला आणि दोन पावले मागे सरकले. “हे टपालाने आलं? म्हणजे पेट्रोल टपालाच्या डब्यातून आलं? धोक्याची खूण नाही, सीलबंद डबा नाही, परवाना नाही!”

“एकच थेंब आहे, साहेब.”

“नियमात थेंबाला सूट आहे का?”

नव्हती. नियम मीच लिहिला होता: ‘ज्वालाग्राही द्रव, तसेच असा द्रव लागलेली कोणतीही वस्तू.’ त्यातला ‘कोणतीही’ ठेवावा की काढावा, या विचाराने तेव्हा माझी झोप उडाली होती. ठेवला होता, असे आता दिसले.

कारवाई तातडीने सुरू झाली. वॅगनवर नव्हे, पत्रावर. वॅगनची तक्रार पत्रात होती, आणि पत्र सुरक्षित केल्याशिवाय ते हाताळता येत नव्हते. म्हणून पत्र एका लोखंडी पेटीत घातले आणि पेटी दप्तरखान्यात ठेवली. कागद पेट घेतो, म्हणून दप्तरखान्यातले दप्तर व्हरांड्यात काढले. दाराशी वाळूच्या बादल्या मांडल्या. ठिणगी नको म्हणून दिव्याची तार काढली. ऊन नको म्हणून खिडकीवर फळ्या ठोकल्या. एवढे झाल्यावर साहेबांनी मला पत्र वाचून टिपण लिहायला सांगितले.

“आत अंधार आहे, साहेब.”

“मग बाहेर आणून वाचा.”

“बाहेर आणायला परवाना लागेल. आणि परवान्याच्या अर्जात पत्राचा मजकूर नमूद करावा लागतो.”

“तुम्हाला मजकूर पाठ असेल की!”

“आहे, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “पण तोंडी माहितीवर कारवाई करता येत नाही हो.”

घरी हे सांगितले तेव्हा बायको म्हणाली, “अहो, ‘नको पेटवू’ एवढं लिहून टाका ना त्या बाईला.”

“तसं लिहिलं तर वॅगन गळते हे आम्ही मान्य केल्यासारखं होईल.”

“मग ‘पेटव’ म्हणून लिहा.”

“आणि भडका उडाला तर?”

“मग तुम्ही दिवसभर तिथे करता तरी काय?”

“विचार.”

“तो कुठे गळत नाही ना? मग असू दे,” असे म्हणून तिने भाजी ढवळायला घेतली.

पुढची अडचण अंतराची निघाली. ज्वालाग्राही वस्तूच्या आसपास माणसांचा वावर नसावा, असा नियम. आणि आमची टेबले दप्तरखान्याच्या भिंतीला खेटून. पेटी हलवावी तर ती वाहतूक ठरणार, म्हणजे पुन्हा परवाना. तेव्हा पेटी जागेवर ठेवून कार्यालयच हलवायचे ठरले. रेल्वेकडे रिकामी जागा एकच होती, मालधक्क्यावरची जुनी कचेरी. खिडकी उघडली की समोर कुंपण, कुंपणापलीकडे बाईंचे बंद दुकान, आणि दोन्हींच्या मध्ये वॅगन.

पहिल्या दिवशी साहेब खुर्चीत बसले, एक श्वास घेतला आणि ताडकन उठले. “वास! पत्र इथे आणलंत की काय?”

“नाही साहेब. हा वॅगनचा.”

“हां, मग ठीक आहे,” म्हणून साहेब बसले.

वॅगनबद्दल शंका घेण्याचे कारणही नव्हते. नेहमीच्या फेरीत तिची तपासणी झाली होती. तपासनीसांना आम्ही नाकसाहेब म्हणायचो. वास मोजायचे यंत्र बिघडल्यापासून सरकारी काम त्यांच्या नाकावर चालू होते. त्या दिवशी त्यांना सर्दी होती. अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले: ‘वास आढळला नाही. तोटीस योग्य ते आच्छादन आहे.’ आच्छादन म्हणजे बाईंच्या उशीचा अभ्रा, निळ्या पट्ट्यांचा.

दुपारी कुंपणापलीकडून हाक आली. “काका, पत्रं बघणारे ते तुम्हीच का?”

मी नुसती मान हलवली.

“माझ्या पत्राचं काय झालं?”

“सुरक्षित आहे.”

“आणि मी?”

मी चष्मा पुसला. त्या म्हणाल्या, “पोरांना बहिणीकडे जेवायला पाठवते. पहिले काही दिवस तिचा नवरा ‘या, या’ म्हणायचा. आताशा कडी वाजवली की दार उघडायला वेळ लावतो. पेटवू की नको, ते एकदाचं सांगा. नको म्हणालात तर दुसरीकडे भांडी घासीन. पण तुम्ही काही म्हणतच नाही.”

“टिपण झालं की कळवतो,” मी म्हणालो. वाक्य बरोबर होते की नाही, अजून सांगता येत नाही.

तेवढ्यात सुरक्षा सप्ताह आला. एवढे धोकादायक पत्र आमच्या ताब्यात असूनही कोणाला इजा झाली नाही, म्हणून साहेबांना पदक जाहीर झाले. पदक घ्यायला निघायच्या दिवशी सामानाच्या खोक्यातून साहेबांचा पांढरा शर्ट निघाला तो चुरगळलेल्या कागदासारखा. साहेब शर्ट घेऊन स्वतः कुंपणाशी गेले.

“बाई, जरा इस्त्री मारून द्या बघू पटकन.”

“देते की. कोळसे पेटवू?”

“पेटवा ना!”

“लेखी द्या.”

साहेबांनी शर्टाकडे पाहिले. मग त्यांची नजर हळूहळू वॅगनकडे गेली. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी ती तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. एक थेंब गळून खडीवर पडला.

“ही वॅगन इथे कोणी ठेवली?” साहेब गरजले. “हलवा आधी!”

“परवाना, साहेब...”

“अहो, कार्यक्रम संध्याकाळी आहे!”

चहा निवायच्या आत इंजिन आले. इंजिनवाल्याने डोके बाहेर काढून विचारले, “कुठे नेऊ?”

“पुढे,” साहेब म्हणाले.

बाईंनी कोळसे पेटवले. शर्टाला अशी कडक इस्त्री झाली की पदक लावताना टाचणी वाकली. तक्रारीचे कारणच उरले नाही, म्हणून न वाचताच प्रकरण निकाली निघाले. बाई मात्र मला म्हणाल्या, “काका, तरी लेखी उत्तर पाठवा हं. उद्या दुसरी आणून ठेवली तर मी काय करू?”

“नक्की पाठवतो,” म्हणालो आणि मसुदा लिहायला घेतला. ‘पेटवावी’ लिहावे की ‘पेटवण्यास हरकत नसावी’, याचा विचार करता करता निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर आम्ही रुळांच्या बाजूला घर घेतले. तिथे स्वस्त पडते. परवा सकाळी वास आला म्हणून मागची खिडकी उघडली. समोर वॅगन उभी होती. तोटीला अभ्रा होता. रंग विटला होता, पण पट्टे निळेच. स्वयंपाकघरातून बायकोने विचारले, “अहो, गॅस पेटवू की नको?”

“थांब,” मी म्हणालो. ती थांबली आहे.

कार्यालयात गेलो. साहेबांच्या खुर्चीवर नवे साहेब आहेत. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि अहवाल दाखवला: वास आढळला नाही, तोटीस योग्य ते आच्छादन आहे. शेवटी आमच्या शेजारच्या वकिलांनी तोड काढली: ओळखीने एक इंजिन मागवायचे आणि वॅगन पुढे ढकलायची. सगळ्या आळीला हे एकदम पटले. पुढे कोण राहते, हे कोणी विचारले नाही. तुम्हाला म्हणून हसू येत असेल, तर आठवा: साहेब ‘पुढे’ म्हणाले तेव्हा तुम्हीही विचारले नव्हते. तुमचे लक्ष शर्टाकडे होते. इंजिन उद्या येणार आहे. तुमचे घर आमच्या मागे आहे की पुढे, मला ठाऊक नाही. खिडकी उघडून पाहावी, ही विनंती.

आज मी त्या बाईंना उत्तर लिहिले. या वेळी मसुदा केला नाही.

‘बाई, आपल्या पत्राबाबत. पेटवावी की नको, हे कार्यालयास अद्याप ठरवता आलेले नाही. आमच्याकडेही परवापासून गॅस बंद आहे. आपण त्या दिवसांत कसे भागवलेत, एवढे कळवावे.’

कागद चारही बाजूंनी हुंगून पाहिला. वास आला नाही. कदाचित मला सर्दी असेल. पत्र टपालपेटीत टाकले.