पाटीवाल्याचं रीतसर दिवाळं

माणूस बुडाला की बुडाला, असा एक अडाणी समज आहे. कायद्याला तो मान्य नाही. बुडाल्याचा दाखला हातात पडेपर्यंत माणूस कायद्याच्या नजरेत पोहतच असतो, आणि पोहणाऱ्याकडून वसुली करायला कोणाचीच ना नसते.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला हे उशिराच कळलं. निम्म्या बाजारपेठेवर त्याचं अक्षर होतं. त्यातल्या बऱ्याच दुकानदारांनी 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणून पैसे थकवले होते. (कोणत्या आठवड्यात, हे विचारण्याइतका तो उद्धट नव्हता.) त्यात छापील पाट्या आल्या आणि कर्ज डोक्यावर चढून बसलं. शेवटी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, लाज सोडा आता. जाऊन दिवाळं काढून या." दूध संपलंय म्हणावं, तशी.

कफल्लक असल्याच्या अर्जाला शुल्क होतं. ते त्याने मेव्हण्याकडून उसनं घेतलं, त्यामुळे मेव्हणाही घेणेकऱ्यांत रीतसर दाखल झाला.

दिवाळखोरीच्या कार्यालयाचे साहेब दुकानातल्या वस्तूंची नोंद करायला आले. भला माणूस.

"पोटापाण्याची हत्यारं आम्ही नेत नाही. ब्रश तुमचे."

"आणि शिडी, साहेब?"

"शिडी ही मालमत्ता. तिच्यावर कोणीही चढू शकतं."

तर्क बिनतोड होता. पेंटरने यापुढे हात पोचेल तेवढ्याच उंचीचा धंदा करावा, इतकीच कायद्याची अपेक्षा होती.

नियमाप्रमाणे दारावर लिलावाची पाटी हवी होती. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुम्हीच रंगवा की. बिल द्या." इतक्या वर्षांत पहिलंच सरकारी गिऱ्हाईक, म्हणून त्याने जीव ओतला, अक्षरांना सावलीसुद्धा दिली. बिल बिनतक्रार मंजूर झालं. फक्त ते त्याच्याच लिलावातून चुकतं व्हायचं होतं, त्यामुळे बँक, घरमालक आणि मेव्हणा यांच्यामागे पेंटर स्वतःच्याच दारात घेणेकरी म्हणून उभा राहिला. आपले पैसे बुडवणाऱ्या त्या माणसाचा त्याला जरा रागही आला.

लिलावाला सगळी बाजारपेठ लोटली. "फार वाईट झालं हो," म्हणत लोक पाठीवर हात ठेवत, आणि त्याच हाताने स्टूल उलटं करून पाय डुगडुगतायत का ते बघत. शिडी औषधवाल्याने घेतली. "तुझी आठवण म्हणून," तो म्हणाला.

"आणि माझे पाटीचे पैसे?"

"ते आता तुला कसे देणार? तू तर बुडालास. साहेबांना विचारावं लागेल."

साहेब जेवायला गेले होते. शिडी अवजड होती आणि औषधवाल्याला ती उचलायची सवय नव्हती, म्हणून पेंटरनेच ती खांद्यावर घेऊन त्याच्या दुकानात पोचवली. बायको दारात उभी राहून बघत होती.

वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. वाटणारच, तुम्ही सज्जन आहात. पण शिडी केवढ्याला गेली, हे जे ओठावर आलंय ते गिळून टाका. ती गेली. हवं तर स्टूल आहे.