आंब्यांखालचा भाग दुसरा

हल्ली आमच्याकडे पेपर मोबाइलवर येतो, आणि मोबाइल काही आंब्याच्या पेटीत अंथरता येत नाही. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

दरवर्षी मे महिन्यात आमच्या कलमांच्या आंब्यांच्या सात पेट्या मुंबईच्या नातेवाइकांना जातात. नाही गेल्या, तर पुढच्या मेपर्यंत आमच्या नावाने खडे फोडले जातात. बुधवारी सकाळी मी पेट्या भरायला बसलो. खाली कागद, त्यावर पेंढा, मग आंबे, परत पेंढा, वर परत कागद. पेंढा होता, आंबे होते, कागद नव्हता. रद्दीसाठी बाजारात जायचं तर बाहेर ऊन मी म्हणत होतं. बायको, म्हणजे मरियम, माहेरी केळशीला गेलेली. म्हटलं, घरातच कुठेतरी मिळेल.

मिळालाच. खाटेखाली एक पिशवी होती आणि पिशवीत आमच्याच कॉलेजातल्या जुन्या परिपत्रकांचा गठ्ठा. (मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. म्हणजे कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात माझं शिपाईही ऐकत नाही.) वरच्याच कागदावर परीक्षेच्या तारखा, त्याही तीन वर्षांपूर्वीच्या. मी खूश झालो. गठ्ठा मोडून सातही पेट्यांत वाटून टाकला. शेवटचा एक कागद उरला, त्याला हाताचा चीक पुसला. अकरा वाजता बाळा त्याचा टेम्पो घेऊन आला आणि पेट्या हातखंब्याला, मुंबईच्या ट्रकात चढवायला घेऊन गेला.

साडेबाराला मरियमचा फोन आला.

"जेवलाव?"

"जेवलो. पेट्या पण पाठवल्या," मी अभिमानाने म्हणालो.

"बरं झालं. आणि एक ऐका. मी शनिवारी येते. त्याच दिवशी प्रकाशकांकडचे अजिंक्य येणार आहेत, दुसरा भाग न्यायला. खाटेखालच्या पिशवीला हात लावू नका हां. एकच प्रत हाय."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आता इथे सांगायला हवं की माझी मरियम लेखिका आहे. तरुण मुलामुलींसाठी ती अद्भुत कादंबऱ्या लिहिते. पहिली, 'बुडत्या बेटाची सकीना', गेल्या वर्षी आली. ती आम्ही सगळ्या नातेवाइकांना वाटली, आणि सगळ्यांनी ती जपून ठेवली. इतकी जपून की कोणी उघडलीच नाही. मीरा रोडच्या गनीमामूंनी तर फ्रिजचा हलणारा पाय तिच्यावर टेकवला. प्रकाशकांनी स्पष्ट सांगितलं होतं, दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस निघाला तर छापू, नाहीतर इथेच थांबू. त्या दुसऱ्या भागासाठी मरियम वर्षभर पहाटे उठून बसत होती. मोबाइलवर टाइप केलं की तिचं डोकं दुखतं, म्हणून हाताने लिहायची. आणि कागद? एका बाजूने कोरे कागद तिला ऑफिसातून आणून देणारा गृहस्थ मीच.

मी चीक पुसलेला कागद केरातून काढला आणि उलटा केला. मरियमच्या अक्षरात लिहिलं होतं : 'सकीना आणि ओहोट्या. भाग दुसरा. प्रकरण पहिलं.' 'ओहोट्या'वर माझा अंगठा उमटला होता.

(लिहिलेली बाजू आधी कशी दिसली नाही, असं तुम्ही विचाराल. पेटीत घालायचा कागद कोणी वाचत बसतं का? आणि मला वाचायची सवय असती, तर ही गोष्टच घडली नसती.)

स्कूटर काढली आणि हातखंब्याला पोचलो तो अर्धमेला होऊन. बाळा टपरीवर चहा पीत होता.

"बाळा, पेट्या?"

"गेल्या ना भाई. मघाशीच ट्रकात चढवल्या. एवढे घामाघूम का झालाव?"

"अरे, पेटीत मरियम गेली!"

बाळाने कप खाली ठेवला. "वैनी? पेटीत?"

"वैनी नाय रे, वैनीचं पुस्तक!"

"हात्तिच्या," तो म्हणाला, "मग घाबरायचं काय त्यात?" बाळाचं अजून लग्न झालेलं नाही.

हायवेवर उभा राहून मी मुंबईच्या दिशेने बघत राहिलो. पंचवीस वर्षांच्या संसारात मी बऱ्याच चुका केल्या आहेत. पाहुण्यांसमोर मीठ जास्त झाल्याचं बोललोय, सासूबाईंना चुकीच्या एसटीत बसवलंय. पण बायकोचं वर्षभराचं काम पेंढ्याखाली घालून मुंबईला पाठवण्याइतकी मजल कधी गेली नव्हती. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

गुरुवारी सकाळी पेट्या पोचल्या. पहिला फोन मुंब्र्याच्या झाराआपाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा.

"आपा, आंबे राहू दे. कागद फेकू नकोस!" मी ओरडलो.

"कोण फेकतंय? मी वाचतेय. उमेर, तो ओहोट्या पाण्यातून वर येतो आणि सकीनाला तिचं नाव विचारतो, तिथं पान संपलंय. पुढं काय होतं?"

"पुढं?"

"तू तर सगळं वाचलंयस ना? सांग की."

या प्रकरणात माझी आणखी एक चूक होती, आणि ती पेट्यांच्याही आधीची. मरियमने काही वाचायला दिलं की मी "वाचलं, फार सुंदर" म्हणायचो. पहिली कादंबरी तर मी तीनदा वाचल्याचं चारचौघांत सांगितलं होतं. प्रत्यक्षात मी दहाव्या पानावर होतो, आणि तिथे वर्षभर होतो.

"पुढं… सगळं ठीक होतं," मी म्हणालो.

दहा मिनिटांनी गनीमामूंचा फोन. हे मरियमचे मामू. जहाजावर तीस वर्षं काढलेला माणूस, आवाज अजून भोंग्यासारखा.

"उमेर! सगळं ठीक होतं असं झाराला सांगितलंस? माझ्या पेटीत चाळिसावं पान हाय. त्यात ती पोर बुडाली!"

"बुडाली?"

"तू वाचलंयस की नाय?"

"वाचलंय मामू. पण… मला वाईट वाटलं म्हणून विसरलो."

दुपारपर्यंत आपाने सगळ्या पेटीवाल्यांचा एक ग्रुप काढला. नाव : 'पुढचं पान'. जो तो आपल्या पेटीतल्या पानांचे फोटो टाकू लागला. ज्यांनी पहिलं पुस्तक उघडलं नव्हतं, ते आता दुसऱ्यासाठी भांडू लागले. 'अठ्ठाविसावं कोणाकडे आहे?' 'लवकर टाका, माझा जीव टांगणीला लागलाय.' 'पहिल्यापेक्षा हे कितीतरी भारी!' (हे लिहिणाऱ्याने पहिलं वाचलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार?) गनीमामूंनी फ्रिजखालून पहिला भाग ओढून काढला, फ्रिज आता वाकडा उभा आहे.

शुक्रवारी रजा टाकून मी घरी बसलो आणि फोटो पानांच्या क्रमाने लावायला घेतले. क्रम लावायचा तर वाचणं आलं. वाचायला लागलो आणि माझी पाचावर धारण बसली. हा ओहोट्या ओहोटीबरोबर खाडीतून चालत येतो. त्याच्या ओल्या पावलांचा चप चप आवाज ज्याला ऐकू येतो, तो आपलं नाव विसरतो. भरदुपारी, डोक्यावर पंखा फिरत असताना, माझ्या अंगावर काटा आला. पाणी प्यायला उठलो तर मागून आवाज. चप. चप. मी जागच्या जागी थिजलो आणि मोठ्याने म्हणालो, "उमेर! माझं नाव उमेर!" मग खाली पाहिलं. मघाशी न्हाणीत घालून गेलो होतो त्या माझ्याच ओल्या सपाता होत्या.

पण त्या दुपारी मला भीतीपेक्षाही दुसरंच काही जास्त लागलं. इतकं जबरदस्त लिहिणारी बाई माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर बसून लिहीत होती, आणि मी शेजारी बसून क्रिकेट बघत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सकाळपर्यंत एक सोडून सगळी पानं जमली. प्रिंट काढून मी ती पिशवीत भरली आणि पिशवी खाटेखाली सरकवली. राहिलं होतं एकसष्टावं पान. ते गनीमामूंकडे होतं, पण मामू काही केल्या फोटो टाकेनात. 'हे मी स्वतः मरियमला वाचून दाखवणार,' एवढंच त्यांचं उत्तर.

अकरा वाजता मरियम आली. पाठोपाठ अजिंक्य आला. तिशीचा, चष्मा लावलेला, सभ्य मुलगा. मी दोघांना सरबत दिलं.

"पिशवी काढा ना," मरियम म्हणाली.

मी पिशवी काढली. तिने गुळगुळीत पांढऱ्या प्रिंटा बाहेर काढल्या, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मरियम, मी सांगतो…"

"काय सांगताव? मी गुरुवारपासून ग्रुपमध्ये हाय, नावं वाचली असती तर दिसलं असतं. झाराआपाने पहिल्यांदा मलाच घेतलं."

पण ती चिडलेली नव्हती. तिचे डोळे भरले होते. "सगळे भांडत होते हो, माझ्या पानांसाठी," ती म्हणाली. "सुरुवातीला जीवच गेला माझा. मग वाचत बसले, कोण काय म्हणतंय ते."

अजिंक्यने दोन दिवसांचा सगळा ग्रुप चाळला, मधली काही पानं वाचली आणि म्हणाला, "ताई, पहिल्यापेक्षा खूपच सरस आहे. छापतोय आपण."

मी सुटकेचा निःश्वास टाकणार, इतक्यात गनीमामूंचा व्हिडिओ कॉल आला. मरियमने फोन टेबलावर उभा केला. मामूंनी घसा खाकरला आणि एकसष्टावं पान वाचायला घेतलं. सकीना दीपस्तंभाच्या जिन्यावर होती, खालून चप चप आवाज येत होता, आणि मध्येच मामू थांबले.

"इथं कंसात काहीतरी लिहिलंय," ते गरजले. "'उमेर, तुम्ही इथपर्यंत वाचलंत तर मला येऊन सांगा. त्या दिवशी तुमच्या आवडीची मटण बिर्याणी करीन. पहिल्या पुस्तकातही अकराव्या पानावर हेच लिहिलं होतं. वर्ष झालं, मी वाट बघतेय.'"

मरियम सरबताचे पेले गोळा करू लागली.

"अच्छा, तो उमेर म्हणजे हे होय!" अजिंक्य म्हणाला. "पहिल्या भागात आम्ही ते तसंच छापलं. अजून वाचकांची पत्रं येतात, हा उमेर नक्की कोण आणि त्याला बिर्याणी मिळाली का."

मी धीर केला.

"मरियम, आता तर एकसष्टावं पान झालं," मी म्हणालो. "मग आज बिर्याणी?"

मरियमने कागद पिशवीत भरले आणि पिशवी अजिंक्यच्या हातात दिली.

"वाचलंत कुठं?" ती म्हणाली. "ऐकलंत."

दुपारी डाळभात होता. मामूंनी फोन ठेवला नव्हता, त्यामुळे तो मी कसा खाल्ला हे मीरा रोडपर्यंत सगळ्यांनी पाहिलं.